राजवाड्याचें विद्यापीठ आणि छावणीचें नगर

वास्तु मनुष्यापेक्षां दीर्घायुषी असते. ज्या हातांनीं ती बांधिली ते हात जातात, ज्या हुकुमानें ती उभी राहिली तो हुकूमही जातो. दगड, चुना आणि वृक्ष मात्र आपल्या जागीं उभे असतात. मग एके दिवशीं नवे धनी येतात आणि त्यांच्यापुढें प्रश्न पडतो : हें जुनें घर पाडावें, तसेंच ठेवावें, कीं त्यास नवें काम द्यावें? प्रश्न दिसावयास साधा आहे, पण त्याच्या उत्तरांत त्या समाजाची परीक्षा असते. ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें मांडूं इच्छितों. एक पुण्याजवळील गणेशखिंडीचें आणि दुसरें अगदीं आमच्या उंबरठ्यावरचें, म्हणजे उल्हासनगरचें. दोन्ही उत्तरें १९४९ ह्या एकाच सालीं दिलीं गेलीं. आणि दोहोंच्या मागें एकाच मनुष्याची सावली पडलेली आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली.

आमचा लोहमार्ग

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह पुण्यास गेलों. कल्याणास गाडी धरली. गाडी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं आमचींच स्टेशनें न थांबतां मागें टाकीत निघाली, तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हा रूळ येथून कोणीं नेला?" प्रश्न योग्य होता. ज्या रुळांवरून आपण नित्य जातों त्यांची कथा आपणांस ठाऊक नसते.

ठाण्याहून कल्याणास आगगाडी १८५४ सालीं आली. कल्याणाहून एक फांटा दक्षिणेकडे वळला आणि १८५६ च्या मे महिन्यांत अंबरनाथ, बदलापूर व नेरळ यांवरून घाटाच्या पायथ्याशीं पळसदरीपर्यंत पोंचला. घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा तुकडा १८५८ सालीं पुरा झाला. मध्यें राहिला तो बोरघाट. ह्या घाटांत डोंगर फोडून बोगदे पाडण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें, आणि पटकी, ताप व अपघात यांनीं हजारों मजूर तेथें कामास आले. त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत. अखेर १८६३ च्या एप्रिलांत घाटाचा मार्ग खुला झाला. तो खुला करण्यास मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे स्वतः आले होते.

हेच ते गृहस्थ, ज्यांची सावली आम्हीं वर म्हटली. फ्रिअर हे १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईचा जुना कोट त्यांच्याच अमदानींत पाडला गेला. त्यापूर्वीं १८५० पासून १८५९ पर्यंत ते सिंध प्रांताचे कमिशनर होते. सिंधी भाषेस सरकारी दप्तरांत स्थान मिळालें आणि तिची ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपि १८५३ सालीं ठरविली गेली, ती त्यांच्याच कारकीर्दींत. आमच्या उल्हासनगरांतील एखादे वृद्ध आजोबा उजवीकडून डावीकडे सिंधी पत्र लिहितांना विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल, तर तीच ती लिपि. सिंधची गोष्ट पुढें येईल. प्रथम घाट चढूं.

दापुरीची बाग व गणेशखिंडीचा वाडा

मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्याचे महिने पुण्यास काढीत. त्यांचें जुनें निवासस्थान पुण्याच्या वायव्येस, मुळा व पवना ह्या नद्यांच्या परिसरांत, दापुरी म्हणजे आजची दापोडी येथें होतें. सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां १८२८ च्या सुमारास तेथें वनस्पतींची बाग लावण्यांत आली. पुढें अलेक्झांडर गिब्सन नांवाचे डॉक्टर तिचे अधीक्षक झाले. औषधी वनस्पति येथेंच पिकवून सरकारी दवाखान्यांस पुरवाव्या, हा त्यांचा उद्योग. परदेशांतून आणिलेलीं झाडें आपल्या मातींत रुजतात कीं नाहीं हें ते पाहात, आणि एका एतद्देशीय चित्रकाराकडून बागेंतील वनस्पतींचीं सुरेख रंगीत चित्रें काढवून घेत. तीं चित्रें आज स्कॉटलंडांतील एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. तीं काढणाऱ्याचें नांव मात्र मागें राहिलें नाहीं. गिब्सन हे पुढें १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरील रान तुटलें कीं खालच्या गांवांचे झरे आटतात, हें त्यांनीं सरकारास त्या काळीं बजावून सांगितलें होतें. बदलापुराभोंवतींचे डोंगर रोज पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ह्या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

फ्रिअर साहेबांस दापुरीचा बंगला पुरेसा वाटला नाहीं. गणेशखिंडीच्या माळावर नवें सरकारी निवासस्थान बांधण्याचें ठरून १८६४ सालीं काम सुरू झालें. जागा इतिहासानें आधींच ओळखलेली होती, कारण ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची फौज व इंग्रज यांची खडकीची लढाई ह्याच परिसरांत झाली. जेम्स ट्रबशॉ ह्या वास्तुकारानें नव्या वाड्याचा आराखडा केला. इटालियन धाटणीचे कमानदार सज्जे, लांब रुंद दिवाणखाने, नाचाचा व मेजवानीचा महाल, दुरून दिसणारा मनोरा आणि सभोंवार हिरवळी, फुलांचे वाफे व दुतर्फा झाडीचे रस्ते असा तो थाट होता. इमारतीखालीं भुयारी मार्गही आहे.

ह्या थाटाचा पैसा कोठून आला? अमेरिकेंत १८६१ पासून यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबई पैशानें फुगली. त्या फुगवट्याच्या दिवसांत हा वाडा आंखला गेला. परंतु १८६५ सालीं युद्ध थांबलें, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि कालचे लक्षाधीश रस्त्यावर आले. वाड्याचें काम मात्र चालूच राहिलें. तें १८७१ सालीं संपलें, तेव्हां खर्च सुमारें १,७५,००० पौंडांपर्यंत गेला होता. हा उधळेपणा म्हणून विलायतेच्या पार्लमेंटांतही त्यावर टीका झाली. दापुरीची बाग तत्पूर्वींच मोडली होती. तिच्या परंपरेची नवी वनस्पतिबाग १८७३ सालीं गणेशखिंडींत लावण्यांत आली आणि जी. मार्शल वुड्रो ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं वाढली.

येथें एक मौजेची गोष्ट सांगावीशी वाटते. एवढा वाडा बांधणाऱ्या फ्रिअर साहेबांचें नांव आज त्या वाड्यास नाहीं. परंतु शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर, उन्हांत तापणाऱ्या खडकांच्या भेगांत, एक लहानशी मांसल पानांची वनस्पति उगवते. तिच्या लालसर फुलांवर पिवळे ठिपके असतात. मराठींत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ती आपल्या सह्याद्रीखेरीज जगांत कोठेंही आपोआप उगवत नाहीं, आणि आतां ती दुर्मिळ झाली आहे. डॅल्झेल ह्या शास्त्रज्ञानें तिचें वर्णन केलें तेव्हां तिला "फ्रेरिया इंडिका" असें नांव दिलें, तें ह्याच फ्रिअरांच्या मानार्थ. दगडी महालावरून पुसलेलें नांव कड्यावरच्या एका फुलानें राखलें!

सत्त्याण्णव सालचा जून

वाड्याच्या आयुष्यांतील सर्वांत भयंकर दिवस २२ जून १८९७ हा होय. पण त्याच्या आधींचे महिने पाहिल्यावांचून त्या दिवसाचा अर्थ कळत नाहीं.

मुंबईस १८९६ सालीं ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, सांथ आली आणि लौकरच ती पुण्यास पोंचली. सांथ आटोक्यांत आणण्यासाठीं सरकारनें वॉल्टर चार्ल्स रँड ह्या अधिकाऱ्यास नेमिलें. गोरे शिपाई घरांत शिरून रोगी शोधूं लागले. देवघर, माजघर, बायकामाणसें कशाचाही मुलाहिजा राहिला नाहीं, अशी तक्रार घरोघर होती. सांथीचें निवारण अवश्य होतें, परंतु लोकांस विश्वासांत न घेतां केलेलें निवारण लोकांस दुसरी सांथच वाटली.

त्याच दिवसांत पुण्याजवळ एक सहासष्ट वर्षांची विधवा बाई आपल्या दत्तक पुत्राच्या, डॉक्टर यशवंत यांच्या, दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होती. जिला कोणी शिवण्यास धजत नसे अशा मुंढव्याच्या एका आजारी मुलास तिनें पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें. त्या सेवेंतच तिला रोगानें गांठलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं तिचा अंत झाला. ती बाई म्हणजे सावित्रीबाई फुले. पती जोतीराव यांच्यासह १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढून शेणगोळे झेलीत शिकविणारी ही शिक्षिका. तिच्या मरणाची दखल सरकारी वाड्यानें घेतल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं.

तिच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनीं गणेशखिंडीच्या वाड्यांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. दिव्यांची रोषणाई, मेजवानी, नाच. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या गणेशखिंडीच्या रस्त्यानें परतूं लागल्या. रस्त्याच्या कडेस काळोखांत चाफेकर बंधु दबा धरून बसले होते. रँड यांच्या गाडीवर दामोदर चाफेकरांनीं गोळी झाडली. मागील गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट यांस बाळकृष्णांनीं मारिलें. आयर्स्ट तेथेंच गतप्राण झाले, रँड ३ जुलै रोजीं वारले. दामोदर यांस १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास फांशी झाली. पुढील वर्षीं बाळकृष्ण, सर्वांत धाकटे वासुदेव आणि त्यांचे सोबती महादेव रानडे हेही फांसावर चढले.

एकाच सांथीनें, एकाच शहरांत, साडेतीन महिन्यांच्या अंतरानें दोन प्रकारचीं मरणें घडविलीं. एक रोग्यास पाठीवर घेण्यामुळें आलेलें आणि दुसरें रोग्याच्या घरांत बूट घालून शिरण्यामुळें ओढवलेलें. कोणत्या वाटेनें राज्य करावें आणि कोणत्या वाटेनें सेवा करावी, ह्याचा धडा ह्याहून स्पष्ट आम्हांस तरी दुसरा आढळला नाहीं.

वाड्याचें विद्यापीठ झालें

पुण्याचीं कॉलेजें पुष्कळ वर्षें मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं होतीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. इलाख्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचे विद्यार्थी त्याच्या परीक्षांस बसत. महाराष्ट्रास आपलें स्वतंत्र विद्यापीठ असावें ही मागणी जुनी होती. तिला फळ आलें तें स्वातंत्र्यानंतर. मुंबईच्या कायदेमंडळानें १९४८ सालीं पुणें विद्यापीठाचा कायदा केला, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजीं विद्यापीठ स्थापन झालें. नामांकित कायदेपंडित डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले. आरंभीं अठरा कॉलेजें त्यास जोडलेलीं होतीं आणि कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचें होतें.

विद्यापीठ झालें, पण त्यास घर नव्हतें. पहिले कांहीं महिने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या निजाम गेस्ट हाऊसमध्यें कचेरी मांडून काम चालविलें. तेव्हां बाळासाहेब खेर मुंबईचे मुख्यमंत्री होते, आणि शिक्षणखातें त्यांच्याचकडे होतें. परकी गव्हर्नर गेले होते. गणेशखिंडीचा वाडा व त्याभोंवतींची ४११ एकरांची जागा विद्यापीठास देण्यांत आली. ज्या दालनांत आमंत्रणाच्या चिठ्ठीवांचून एतद्देशीय मनुष्यास पाऊल टाकतां येत नसे, त्या दालनांत परीक्षेचे अर्ज येऊं लागले. जेथें मेजवान्या होत, तेथें सभा व व्याख्यानें होऊं लागलीं. आवारांत पुढें ग्रंथालय उभें राहिलें, त्यास जयकरांचेंच नांव आहे. त्यांतील पुस्तकांवर आतां पुणें, नाशिक, नगर येथील शेतकऱ्यांचीं व कामकऱ्यांचीं मुलें अभ्यास करितात.

वाडा पाडला नाहीं, हें शहाणपण झालें. तो परक्यांनीं बांधिला खरा, पण आमच्याच करांच्या पैशानें आणि आमच्याच गवंड्यांच्या हातांनीं. पाडला असता तर राग शमला असता, पण ज्ञानास घर मिळालें नसतें. आणि तो जसाच्या तसा कुलूप घालून ठेविला असता तर भुतांचा वाडा झाला असता. त्यास नवें काम दिलें, म्हणून तो जिवंत राहिला. अलीकडच्या काळांत त्या जुन्या मुख्य इमारतीची काळजीपूर्वक दुरुस्ती झालेली आम्हीं पाहिली. आवारांत हिरवळीच्या कडेस जुने वृक्ष आजही आहेत. त्यांत आफ्रिकेंतून आलेली, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच आमच्या मुलांस फार आवडली. पांच मुलांनीं हातांत हात गुंफून तिला वेढा घालण्याचा यत्न केला, पण तो पुरा झाला नाहीं.

गणेशखिंडीची जुनी बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. तेथें फळझाडांवर संशोधन चालतें, आणि २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें त्या बागेस जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान दिला. तत्पूर्वीं २०१४ सालीं पुणें विद्यापीठाचें नांव सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ असें झालें.

वाचकहो, क्षणभर थांबून ह्या दोन नांवांचा विचार करा. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां, १८८० च्या सुमारास, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा म्हणून जोतीरावांनीं एकट्यानें त्याविरुद्ध मत दिलें. त्या दिवशीं ते हरले. आज गव्हर्नरच्या वाड्यावर त्यांच्या पत्नीचें नांव आहे आणि गव्हर्नरच्या बागेवर त्यांचें स्वतःचें. वाडा व बाग, पति व पत्नी! ज्या वर्षीं त्या वाड्यांत हीरक महोत्सव झाला त्याच वर्षीं प्लेगनें मेलेली शिक्षिका आज त्या वाड्याची स्वामिनी झाली आहे. काळाचा न्याय सावकाश होतो, पण केव्हां केव्हां तो असा नेमका होतो.

छावणीचें नगर

आतां आपल्या घरीं परत येऊं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणाच्या पूर्वेस, उल्हास नदीच्या परिसरांत, सरकारनें सैन्याची एक मोठी छावणी वसविली. तिला कल्याण कॅम्प म्हणत. लढाईवर जाणाऱ्या व लढाईवरून येणाऱ्या शिपायांनीं तेथें मुक्काम करावा, एवढाच तिचा हेतु. पांच कॅम्प आणि त्यांत दोन हजारांहून अधिक बराकी. मध्यें लांबच लांब दिवाण, दोन टोंकांस खोल्या, असा बहुतेक बराकींचा घाट होता. त्यांत ना देवघर, ना चूल, ना अंगण. कारण शिपाई तेथें संसार मांडण्यास येत नसे.

युद्ध १९४५ सालीं संपलें आणि बराकी ओस पडल्या. पुढें १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. सिंधमधून निघालेले हिंदु लोक आगबोटींनीं व आगगाड्यांनीं मुंबईकडे आले. त्यांपैकीं ९०,००० हून अधिक माणसें ह्या ओस छावणींत उतरविण्यांत आलीं. ज्या दिवाणांत शिपायांच्या खाटा रांगेनें मांडीत, तेथें गोणपाटाचे व साड्यांचे पडदे बांधून कुटुंबांनीं आपापला कोपरा केला. पलीकडच्या कोपऱ्यांतील मूल रडलें कीं सर्व बराक जागी होई. कोणी पापड लाटून विकूं लागलें, कोणी गाडींत फिरून मिठाई, कोणी शिवणाचें यंत्र मांडलें. सरकारनें छावणीचें नगर करण्याचें ठरविलें आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं त्याची कोनशिला बसविली. नदीच्या नांवावरून नगरास उल्हासनगर म्हटलें. म्हणजे फेब्रुवारींत पुण्याचें विद्यापीठ स्थापन झालें, आणि ऑगस्टांत आमच्या शेजारीं छावणीचें नगर. एकाच इलाख्यांत, एकाच वर्षीं, गव्हर्नरचा वाडा विद्यार्थ्यांचा होत होता आणि शिपायांची बराक निर्वासितांची.

पण दोहोंत मोठा भेद आहे, तो ध्यानांत धरिला पाहिजे. पुण्यास घर होतें आणि त्यांत नवी संस्था आली. सिंधमधून आलेल्या लोकांच्या संस्था होत्या, पण घरें मागें राहिलीं होतीं. हैदराबाद सिंध येथें त्यांचें नॅशनल कॉलेज होतें. फाळणीनें तें हातचें गेलें. परंतु प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनीं मुंबईस येऊन हैदराबाद सिंध नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापिलें आणि वांद्र्यास पुन्हां कॉलेज उघडलें. तें सालही १९४९ च! ह्याच मंडळानें पुढें १९६५ सालीं उल्हासनगरांत चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज काढलें, जेथें आमच्या शाळेंतून गेलेलीं मुलें आज शिकतात. विटा सिंधेंत राहिल्या. संस्था माणसांच्या डोक्यांत बसून आली. कोणतीही शाळा तिच्या भिंतींहून मोठी असते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण कोणतें?

कराचीची बाग

सिंधेंत मागें राहिलेल्या इमारतींपैकीं एकीचें नांव ऐकून विद्यार्थ्यांस नवल वाटेल. फ्रिअर सिंधचे कमिशनर होते म्हणून त्यांच्या स्मरणार्थ कराचीस नागरिकांनीं एक सभागृह बांधिलें. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनीं त्याचा आराखडा केला, आणि १८६५ सालीं तें खुलें झालें. त्याचें नांव फ्रिअर हॉल. भोंवतीं विस्तीर्ण उद्यान. कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यांत होती, म्हणजे कराचीची ही वास्तु आणि गणेशखिंडीचा वाडा एका अर्थीं भावंडेंच. आज त्या सभागृहांत ग्रंथालय आहे, उद्यानास बाग ए जिन्ना म्हणतात आणि सादिकैन ह्या थोर चित्रकारानें तेथील छतावर रंगविण्यास घेतलेलें चित्र १९८७ सालीं त्याच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलेलें आहे.

कराचीहून उल्हासनगरास आलेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांस आम्हीं ह्या बागेविषयीं विचारिलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मास्तरजी, लहानपणीं वडिलांचें बोट धरून त्या बागेंत जात होतों. झाडें असतील ना अजून?" इमारतीविषयीं त्यांनीं कांहीं विचारिलें नाहीं. झाडांविषयीं विचारिलें.

यांतून शिकावयाचें काय

प्रत्येक वास्तूचें काम बदललें पाहिजे असें नाहीं. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींत पुरें झालें. त्यास साडेनऊशें वर्षें उलटून गेलीं, राज्यें आलीं व गेलीं, पण महाशिवरात्रीस तेथें आजही यात्रा भरते. ज्याचें काम लोकांच्या अंतःकरणांत जिवंत आहे, त्यास नव्या कामाची गरज नाहीं. त्यास केवळ जपणूक पाहिजे. परंतु ज्याचें जुनें काम संपलें, त्यास नवें काम न दिल्यास तें मरतें.

नवें काम देतांना दोन गोष्टी संभाळाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, दरवाजा पूर्वींपेक्षां रुंद व्हावा. पूर्वीं ज्यांस मज्जाव होता त्यांस आंत घेतल्यावांचून बदल हा बदल नव्हे. दुसरी ही कीं, जुनी आठवण पुसूं नये, चांगली असो वा वाईट. गणेशखिंडीच्या रस्त्यानें जाणाऱ्या विद्यार्थ्यास त्या जूनच्या रात्रीची आठवण असावी, बोरघाटांत मेलेल्या मजुरांची असावी आणि रोग्यास पाठीवर घेणाऱ्या त्या वृद्ध शिक्षिकेचीही असावी.

ह्या दुसऱ्या कसोटीस आमचें उल्हासनगर उतरतें काय? येथें आम्हांस खेद होतो. पुष्कळ बराकी पडल्या, त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. राहणाऱ्यांस हवेशीर घर हवें, हें योग्यच आहे. पडक्या छपराखालीं कोणास ठेवून इतिहास जपावा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एखादी बराक राखून तींत मुलांसाठीं वाचनालय करण्यास काय हरकत आहे? एका भिंतीवर सिंधी, दुसरीवर मराठी पुस्तकें, मध्यें लांब बाकें आणि दारांत दोन झाडें. ज्यांनीं त्या दिवाणांत गोणपाटाच्या आड पहिली रात्र काढली, त्यांचीं नातवंडें तेथें बसून वाचतील. पत्ते सांगतांना आपण अजूनही "कॅम्प नंबर चार" म्हणतों, मग त्या शब्दाचा अर्थ सांगणारी एक तरी जागा नगरांत असूं नये काय?

तोंवर विद्यार्थ्यांच्या हातीं असलेलें काम त्यांनीं करावें. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या गांवांतील एक जुनी इमारत, विहीर वा बाग निवडावी आणि वहींत तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं : ही कोणीं व कोणाच्या श्रमानें बांधिली? पूर्वीं हिचें काम काय होतें व तेव्हां आंत येण्यास मज्जाव कोणास होता? आज हिचें काम काय आहे? उत्तरें पुस्तकांत मिळणार नाहींत. तीं घरांतील व शेजारच्या वृद्धांस विचारावीं लागतील. तीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत, म्हणून विलंब करूं नये.

परतीच्या गाडींत तोच मुलगा पुन्हां खिडकीशीं बसला होता. बदलापूर गेलें, अंबरनाथ गेलें, आणि रुळाच्या कडेस उल्हासनगरचे दिवे लागलेले दिसूं लागले. तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या आजीचा जन्म बराकींत झाला. तिला मी विचारीन." आम्हीं त्याला एक कोरी वही देऊन टाकली.